चौथ्या सीटवरचा श्वास

(दृश्य : कर्जत स्थानक, पहाट. चहाची वाफ, इंडिकेटरचे आकडे.)

कर्जतहून सीएसएमटी म्हणजे शंभर किलोमीटर. दोन तास जायला, दोन तास यायला. सहा दिवसांचे चोवीस तास होतात, म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस गाडीतच जातो. हा हिशोब इथं कुणी मांडत बसत नाही. पाठीवर सॅक, खिशात पास, आणि या काकांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळलेले टाळ.

टाळांकडे येऊच. त्याआधी कल्याणचा हा पूल बघा.

(दृश्य : कल्याण, पादचारी पूल. घोषणा ऐकू येते, गर्दी वळते.)

गाडी दुसऱ्याच फलाटावर येतेय. सगळा पूल एकदम वळला. निळ्या शर्टातल्या माणसानं सॅक पोटाशी घेतली आणि जिन्याकडे धाव घेतली. पण त्याच्या आधी त्याचं शरीर धावलंय. मेंदूतून निरोप सुटला, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी ॲड्रिनलिन रक्तात सोडलं. छाती धडधडायला लागली, यकृतातली साखर बाहेर आली, तोंडाला कोरड पडली, पचनाचं काम मंदावलं. पाठोपाठ, काही मिनिटांनी, कॉर्टिसॉल येतं आणि ही तयारी टिकवून धरतं.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला या तयारीचा अर्थ लावला : लढा, नाहीतर पळा. मग हान्स सेल्ये. १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचं एक छोटंसं टिपण आलं. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, दमेपर्यंत पळवलं, औषधं टोचली. कारण कुठलंही असो, आत बदल तेच दिसले : अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. ‘स्ट्रेस’ हा शब्द पुढे त्यांनीच रुळवला. आपण त्याला ताण म्हणतो. बायकांच्या डब्यात ‘डोक्याला ताप’ म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त पटतो.

(दृश्य : दारातली गर्दी, खांद्याला खांदा, वर पकडलेल्या कड्या.)

आता गंमत बघा. शरीर सांगतंय, पळ. आणि इथं पाऊल उचललं तर परत टेकवायला जागा नाही. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. लढणार कुणाशी? ज्याचं कोपर बरगडीत रुततंय तोच पुढच्या स्टेशनला आपल्याला उतरायला वाट करून देणार असतो. चढवलेला जोर असा अंगातच राहतो. रोज, वर्षानुवर्षं हेच चाललं की रक्तदाब, झोप, हृदय, सगळ्याला झळ लागते.

(दृश्य : डब्याचा आतला भाग. टाळ बाहेर निघतात.)

तर, टाळ. कर्जतला सुरुवातीलाच चढल्यामुळे भजनी मंडळींना बसायला मिळालंय. तिघांच्या बाकावर चौघं. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड हवेत. रूपाचा अभंग बदलापूरलाच झाला. आता गौळण चाललीय. ढोलकी मांडीवर, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो. बुवांनी ओळ उचलली, मागच्यांनी झेलली. बुवांकडे नीट बघा : झटकन श्वास घेतात आणि सगळी ओळ एका दमात लांबवतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. लांब सोडलेला प्रत्येक श्वास म्हणजे हृदयाला ‘जरा दमानं घे’ असा निरोप. तो निरोप व्हेगस नावाची मज्जातंतू पोचवते.

इटलीतल्या पाव्हियाच्या लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असाच एक प्रयोग मांडला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तल्लख झाली. त्यात लोकल नव्हती, ढोलकीही नव्हती, हे खरं. पण एवढ्या लांब जायचंच कशाला? कर्जतहून उलट्या दिशेला घाट चढला की लोणावळं. तिथं स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन यंत्रांनी तपासायला सुरुवात केली.

पलीकडच्या बाकावर रात्रपाळीचा माणूस कानात बोळे घालून डुलकी काढतोय. त्याच्या लेखी हा गोंगाटच. तक्रारी होतात, कधी हमरीतुमरीही. मुंब्र्याचा डोंगर मागे पडतो आणि गजर टिपेला जातो.

(दृश्य : संध्याकाळ, परतीची गाडी, लेडीज डबा.)

१९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांसाठीची पहिली लोकल सुटली. ही साधीच गाडी, पण डब्याची रीत तीच. दादरच्या बाजारातली मेथीची जुडी मांडीवर सुटलीय. खाली वर्तमानपत्र. देठ खुडायचा, पान पिशवीत, देठ कागदावर. बोटं आपोआप चालतात आणि तोंडही. साहेब, सासू, पोरीची दहावी. कुणी तोडगा सुचवत नाही, नुसतं “मग?” विचारतं. ठाण्याला बसलेली उठते आणि उभी असलेली बसते. कुणाची पाळी कधी, हे सगळ्यांना पाठ आहे.

ज्यांची झोपच उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, त्यांना मेथी पुरणार नाही. त्यांच्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. चोवीस तास, मराठीतही.

(दृश्य : नेरळनंतरचा रिकामा होत चाललेला डबा. हात.)

जुडी संपली. देठांची पुरचुंडी बांधून झाली, हिरवी बोटं पदराला पुसली.

“उद्या गवार आणतेय गं. मोडू लागशील ना?”

(दृश्य : कर्जत. दिवे. गाडी थांबते.)