दोरी ओढत बसू नका, आधी प्लग काढून बघा

नमस्कार मंडळी. पहिला जोराचा पाऊस झाला, दुकानाच्या ओट्यापर्यंत नायतर सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं की कोपऱ्यातला पाणी उपसायचा, पेट्रोलवर चालणारा पंप बाहेर निघतो, जो गेल्या गणपतीनंतर कोणी हातातच घेतलेला नसतो. मुंबईत हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे या पाणी भरणाऱ्या बाजूला राहणाऱ्यांना मी काय बोलतोय ते बरोबर कळेल. चार जण आळीपाळीने दोरी ओढतात, चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारा खटका) मागेपुढे करतात, आणि इंजिन ढिम्म. जनरेटरचं पण हेच, इंजिन तेच असतं.

तर सगळ्यात आधी दोरी सोडा. चोक लावून तुम्ही ओढत राहता तसं तसं आत पेट्रोल जात राहतं आणि साधा प्रॉब्लेम असला तरी वरून ओव्हरफ्लो होऊन बसतो.

स्विच ऑन आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, हे बघालच. पण ऑइल बघायचं बरेच जण विसरतात. बऱ्याच फोर स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर स्पार्कच, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगीच बंद करतो, म्हणजे इंजिन एकदम चांगलं असतं आणि तरी सुरू होत नाही. मशीन तिरकी ठेवली असेल, एक चाक फुटपाथवर आणि एक खाली, तरी तसंच होतं. सपाट जागेवर ठेवा, ऑइलचं झाकण उघडा, बहुतेक छोट्या इंजिनांत ऑइल भोकाच्या काठापर्यंत दिसायला पाहिजे.

आता प्लग, म्हणजे इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. त्याच्यावरची वायरची कॅप ओढून काढा, प्लग पान्याने प्लग खोला आणि टोक बघा, ओलं आहे की कोरडं. पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून हे नीट उजेडात बघा, बोट लावून वास घ्या.

ओला निघाला म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. प्लग पुसा, चोक उघडा, स्विच ऑफ करा आणि प्लग न लावता पाचसहा वेळा दोरी ओढा, आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर येईल, तोंड त्या भोकासमोर ठेवू नका. मग स्पार्क बघायचा. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, भोकावर फडका दाबा, प्लग कॅपमध्ये घालून त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि इन्सुलेटेड पकडीने धरा, हाताने धरायचा नाही. स्विच ऑन, दोरी ओढा. निळसर कडक ठिणगी दिसली तर बरं. नाही दिसली तर आधी नवीन प्लग लावून बघा, फार महाग नसतो, आणि त्याच्या टोकातली गॅप मशीनच्या पुस्तकात असेल तेवढी ठेवा, साधारण ०.७ ते ०.८ मिमी असते.

नवीन प्लगलाही स्पार्क नाही तर लगेच कॉइल (प्लगला करंट देणारा भाग) विकत घ्यायला नागदेवीच्या बाजारात पळू नका. या इंजिनांचा स्विच ऑफ केला की कॉइलची वायर बॉडीला अर्थ होते आणि स्पार्क मरतो. आपल्याकडे जिन्याखाली ठेवलेल्या मशीनची ती वायर उंदीर कुरतडतात, नायतर घासून सोलली जाते, मग स्विच ऑन असला तरी कॉइल कायम अर्थच. ती वायर कॉइलपासून सोडवून स्पार्क बघा. आला तर कॉइल चांगली आहे, वायर किंवा स्विच किंवा तो ऑइलचा सेन्सर बघायचा. तपासून झालं की वायर परत जोडा, नाहीतर इंजिन स्विचने बंद होणार नाही.

प्लग कोरडा निघाला तर? खरं सांगायचं तर वर्षभर पडून राहिलेल्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा हेच दिसतं. प्लगच्या भोकात अर्धा चमचा ताजं पेट्रोल टाका, प्लग लावा, ओढा. दोन सेकंद भुर्र करून बंद पडलं की समजा स्पार्क ठीक, कार्बोरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल येत नाही.

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपली मुंबईची हवा, त्यात आठ महिने अर्धी भरलेली टाकी, मग पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिनला पहिलं तेच मिळतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन बोल्ट उघडा आणि काचेच्या बरणीत पेट्रोल धरा. खाली वेगळा थर दिसला किंवा व्हार्निशसारखा आंबूस वास आला तर टाकी पूर्ण रिकामी करा, त्यात नवीन मिसळून चालत नाही. थोडं वाहून थांबलं तर टाकीचं झाकण सैल करून बघा, झाकणाचं हवेचं भोक चोंदलेलं असतं. काहीच आलं नाही तर कॉक, फिल्टर नायतर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) सुई अडकली.

वाटी काढली की मधोमध पितळेचा मेन जेट दिसेल, यातूनच पेट्रोल इंजिनला जातं. त्याचं भोक एवढं बारीक असतं की चिकट पेट्रोलचा एक कण पुरतो. स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या, पितळ मऊ असतं, खाच उडते. जेट उजेडासमोर धरा, गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. सुई घालू नका, भोक मोठं होतं, वायरमधली तांब्याची एक तार घ्या आणि कार्ब क्लीनर मारा, डोळ्याला चष्मा लावून.

पेट्रोलवर स्टार्ट होऊन रॉकेलवर चालणारे जुने जनरेटर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी बंद करताना परत पेट्रोलवर आणूनच बंद करा, वाटीत रॉकेल राहिलं तर थंड इंजिन उठत नाही.

आणि मशीन पाण्यात बुडालेली असेल, दोरी जाम असेल, तर जोर लावूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, हळू हळू फिरवून पाणी बाहेर काढा, ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला. उलट दोरी एकदम हलकी येत असेल तर कॉम्प्रेशन नाही, म्हणजे आत हवा दाबली जात नाही, बहुतेक वॉल्व अडकलाय, तिथे मेकॅनिक बोलवा.

सुरू झाली की मशीन उघड्यावरच ठेवा. पाऊस आहे म्हणून मीटर रूममध्ये, पॅसेजमध्ये, शटर अर्धं पाडून दुकानात चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपल्या जागी जातो. हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगणार, कंटाळा आला तरी.

एवढं करून पण सुरू नाही झाली तर खाली कॉमेंट करा, आणि नुसतं "स्टार्ट होत नाही" लिहू नका, प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी दिसली का, दोरी जड की हलकी, हे तीन लिहा म्हणजे मला काहीतरी सांगता येईल.