पहिला शब्द पियानोचा

रंगमंचावर वाद्यवृंद बसलेला आहे, पियानोचे झाकण उघडलेले आहे. पण वादन सुरू होण्याआधी संचालक श्रोत्यांकडे वळून बोलू लागतात. आज येथे जर्मन संगीतकार बेथोव्हेनचा जी मेजरमधील (म्हणजे ‘जी’ हा स्वर षड्ज मानणाऱ्या स्वरपट्टीतील) चौथा पियानो कॉन्चेर्टो सादर होणार आहे. पूर्वार्धात त्यातील मोजक्या जागा थांबून थांबून ऐकवल्या जातील आणि त्यांच्याविषयी बोलले जाईल. मध्यंतरानंतर सुमारे 35 मिनिटांची ही रचना एका शब्दाचाही व्यत्यय न येता सलग वाजवली जाईल.

कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेले, बहुधा तीन भागांचे संगीत. अठराव्या शतकातील प्रघात असा, की आधी वाद्यवृंदाने मुख्य सुरावटी मांडायच्या आणि मुख्य वादकाने तोवर थांबायचे. मोझार्टने 1777 मध्ये एका कॉन्चेर्टोत पियानोला सुरुवातीलाच बोलते केले होते, तरी पहिला शब्द तेथेही वाद्यवृंदाचाच होता. बेथोव्हेनने 1806 च्या सुमारास पूर्ण केलेल्या या रचनेत तो पियानोला दिला, आणि तोही हलक्या आवाजात.

पियानोवादिका आता फक्त ती सुरुवात वाजवतात. दोन्ही हातांनी घेतलेला एक भरदार पण मृदू स्वरसंघात (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर), मग त्याचेच छोटे छोटे आघात, आणि प्रश्न विचारून थांबावे तसा वाक्याचा शेवट. संचालक येथे व्हायोलिनवादकांना एक वेगळा प्रयोग करायला सांगतात: पियानोला त्याच जी मेजरमध्ये उत्तर द्या. उत्तर येते, नीटनेटके आणि अपेक्षित. त्यानंतर बेथोव्हेनने प्रत्यक्षात लिहिलेले उत्तर ऐकवले जाते. सुरावट ओळखीची आहे, पण ती बी मेजरमधून, दूरच्या दालनातून यावी तशी अगदी हळू येते. कानात नुकताच स्थिरावलेला षड्ज पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. तिसऱ्या रांगेतील एक श्रोता झटकन मान वर करतो. त्याला बी मेजर हे नाव माहीत असण्याची गरज नाही, कारण फरक त्याच्या कानाने पकडलेला आहे. संगीताविषयीच्या बोलण्याने एवढे साधले, तर ते बोलणे सार्थ ठरते असे आम्हाला वाटते.

दुसरा भाग लहान आहे, साधारण पाच मिनिटांचा. पण पूर्वार्धातला सर्वाधिक वेळ त्यालाच दिला जातो, आणि ते योग्यच आहे. येथे फुंकवाद्ये पूर्णपणे गप्प आहेत. तंतुवाद्ये एकच सुरावट एकत्र, कठोरपणे, तोडून तोडून वाजवतात, आणि पियानो तिला गायल्यासारखे, विनवणीच्या सुरात उत्तर देतो. कार्यक्रमाचे चित्रीकरण करणारा कॅमेरा आता वादिकेच्या डाव्या पायाशी आहे. त्या डावे पेडल दाबतात आणि संपूर्ण कळपट्टी किंचित उजवीकडे सरकते. त्यामुळे बहुतेक स्वरांच्या तीन तारांपैकी दोनच तारांवर हातोडी पडते आणि आवाज आत वळल्यासारखा होतो. बेथोव्हेनच्या काळातील पियानोवर तर हातोडी खरोखरच एका तारेपर्यंत आणता येत असे, आणि या भागासाठी त्याने तशी सूचना लिहून ठेवली आहे. संवाद पुढे सरकतो तसा तंतुवाद्यांचा कठोरपणा उतरत जातो आणि शेवटी तीही पियानोइतक्याच हळू आवाजात बोलू लागतात.

या भागाला ग्रीक पुराणातील ऑर्फियसची कथा जोडण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून आहे: पाताळातील शक्तींना आपल्या गाण्याने शांत करणारा तो गायक. कथा सुंदर आहे. मात्र बेथोव्हेनने या संगीतावर तिचे नाव लिहिलेले नाही. म्हणून संचालक ती आधी सांगत नाहीत. आधी वादन होते, मग कथा सांगितली जाते, आणि ती मनात ठेवायची की नाही हे श्रोत्यांवर सोपवले जाते.

या रचनेचे पहिले जाहीर वादन 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नातील थिएटर आन देर वीन येथे झाले. पियानोवर स्वतः बेथोव्हेन होता. त्याच संध्याकाळी त्याची पाचवी आणि सहावी सिंफनी (संपूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) हीही प्रथमच जाहीरपणे सादर झाली; कडाक्याच्या थंडीत, गार सभागृहात तो कार्यक्रम सुमारे चार तास चालला. श्रवणशक्ती खालावत गेल्याने पुढचा, पाचवा कॉन्चेर्टो जाहीरपणे वाजवण्याचे काम त्याला इतरांकडे सोपवावे लागले. चौथा कॉन्चेर्टो नंतर बराच काळ मागे पडला. 1836 मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे संगीतकार मेंडेल्सोनने तो वाजवून पुन्हा श्रोत्यांसमोर आणला.

मध्यंतर संपले आहे आणि आता कोणी बोलत नाही. पियानोचा पहिला स्वरसंघात येतो आणि त्यानंतर बी मेजरमधले ते उत्तर. या वेळी सभागृह त्याची वाटच पाहत होते. मागच्या रांगेत ट्रम्पेटवादक वाद्ये मांडीवर ठेवून बसलेले आहेत आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवणारा टिंपनीवादक हात बांधून. पहिल्या दोन भागांत त्यांच्यासाठी एकही स्वर लिहिलेला नाही. दुसऱ्या भागाचा अखेरचा स्वर विरतो, आणि न थांबता तंतुवाद्ये अगदी हळू, चपळ लयीत तिसरा भाग सुरू करतात. टिंपनीवादक काठ्या उचलतो, आणि ट्रम्पेट ओठांशी जातात.