पायाला विचारा, मग बी टाका

श्रोतेहो, नमस्कार.

माझं माहेर वाईचं आणि सासर पाचगणीच्या वरच्या अंगाचं. मधे काय तो पसरणीचा घाट. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी या घाटानं माझी फजिती केली. संक्रांतीला माहेरी गेले, तर आई परसात भेंडी आणि गवार टोकत होती. मी तेच बी पदराला बांधून आणलं, वर आले आणि वाफा करून टोकलं. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले, वाफा आपला सपाट. उकरून बघितलं तर बी कुजून पिठासारखं झालेलं. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चपला काढ आणि वाफ्यात उभी राहा बघू." राहिले. "काकडले ना पाय? मग बियांनी काय करावं?"

आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. वाईपेक्षा आम्ही जवळजवळ दोन हजार फूट वर. हजार फुटाला साधारण दोन अंश थंडी वाढते, म्हणजे खालच्यापेक्षा तीन-चार अंशांचा फरक. कॅलेंडरवरची तारीख दोन्हीकडे एकच, मातीची ऊब मात्र वेगळी. दुपारचं ऊन चटका देतं म्हणून फसू नका. ऊन हवेला लवकर तापवतं, मातीला वेळ लागतो.

आता माघ लागलाय. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते म्हणतात. तोवर काय लावायचं? ज्यांना गार माती चालते ती पिकं. वाटाणा पाच-सहा अंशांनासुद्धा हळूहळू कोंब काढतो. मुळा, पालक, कोबी, लेट्यूस, बीट, गाजर, ही सगळी थंडीची पोरं. घेवड्याला माती पंधरा अंशांच्या वर लागते, त्याला शिवरात्रीनंतर. भेंडी, काकडी, दोडका यांना आणखी थांबवा. टोमॅटोची रोपं करायचीच असतील, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत जुन्या डब्यात करा. चुलीची ऊब फुकट मिळते.

गाजराबद्दल मात्र थोडं जास्त बोलते, कारण महाबळेश्वरची गाजरं खायला लोक लांबून येतात आणि घरच्या परसात तीच गाजरं दोन पायांची, तीन पायांची निघतात. दोष असतो ताज्या शेणखताचा आणि खड्यांचा. मूळ खाली जाताना खडा लागला की फाटा फुटतो. आपली लाल माती जांभ्याची, तिच्यात खडे भरपूर. म्हणून गाजराचा वाफा वीतभर खोल खणून खडे वेचायचे आणि खत मागच्या वर्षीचं, पार कुजलेलं, वास नसलेलं घालायचं. बी बारीक असतं, तेव्हा मूठभर कोरड्या मातीत मिसळून ओळीत सोडा. गारव्यात उगवायला दोन-तीन आठवडे घेतं. त्याच ओळीत चार दाणे मुळ्याचे टाका. मुळा आठवडाभरात वर येतो, ओळ कुठं आहे ते दाखवतो आणि महिन्याभरात ताटात येऊन जागा मोकळी करतो. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका, ते रुसतं. दाट झालं तर विरळणी करायची. हात थरथरतो, माझाही थरथरतो, पण करायची. बिटाचंही तसंच, त्याच्या एका दाण्यातून दोन-तीन रोपं निघतात.

या डोंगरावर परदेशी भाज्यांचा नाद काही आजचा नाही. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी होते. त्यांनी इथं बटाटे आणि साहेबाच्या टेबलावरच्या भाज्या पिकवल्या. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. भाज्या राहिल्या. आता तर सगळं शिवार स्ट्रॉबेरीनं व्यापलंय. घरच्या भाजीला बांधाचा कोपरा उरतो, तोही सासूबाईंनी भांडून राखलेला.

दहिवराचं सांगायला हवं. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो तुम्ही दर हिवाळ्यात पेपरात बघता. तिथंच का गोठतात? गार हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगटात साचते. म्हणून भाजीचा वाफा ओढ्याकाठच्या खळग्यात करू नका, थोडा वरच्या टप्प्यावर करा. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर संध्याकाळी मुळाशी हलकं पाणी द्या, ओली माती ऊब धरते. काठ्या रोवून वर जुनं लुगडं किंवा गोणपाट टाका. पानाला टेकू देऊ नका आणि सकाळी ऊन आलं की काढा. रानगव्यांचा बंदोबस्त लुगड्यानं होत नाही. त्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

थंड देशातली माणसं बर्फ कधी जाईल याची वाट बघतात. आपल्याला दुसऱ्या टोकाचीही घाई असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात विहिरी खाली जातात. मग एखाद्या दुपारी वळीव येतो, गारा आणतो आणि लेट्यूसची चाळण करतो. म्हणून बिया निवडताना दिवस मोजा. वाटाण्याला दोन महिने, बिटाला दोन-सव्वादोन, गाजराला तीन. वैशाखाच्या आत निघेल तेच लावा. वाफ्यावर वाळलं गवत पसरा, पण रोपं बोटभर झाल्यावर. आधी पसरलंत तर माती गारच राहील.

वाटाणा आज रात्री भिजत घाला. वाटीभर पुरे. उद्या सकाळी ऊन अंगणात उतरलं की चपला दारात ठेवून वाफ्यात जा.

नमस्कार.