तिचा डिस्चार्ज

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत पुरुषांचे वॉर्ड वेगळे, बायकांचे वेगळे. आजार मात्र दोन्हीकडे बहुतेकदा तोच असतो, स्किझोफ्रेनिया. कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे याची खात्री वाटते.

मुलग्याला तो बहुधा विशीच्या आसपास गाठतो. मुलींना सरासरी तीन-चार वर्षं उशिरा. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोवर थोडं राखण करत असावं, असा संशोधकांचा कयास आहे. पण आपल्याकडे ही तीन-चार वर्षं फार महागात पडतात. तेवढ्यात लग्न झालेलं असतं, कडेवर मूल असतं.

मुलगा हात उगारतो, शेजारीपाजारी जमतात आणि त्याला दवाखान्यात आणतात. सून स्वतःशीच पुटपुटत कोपऱ्यात बसते. 'बाहेरचं झालंय' म्हणत कित्येकदा अंगारे-धुपारेच चालू राहतात.

दाखल झाल्यावर गोळ्या सुरू होतात. रिस्पेरिडोनसारख्या औषधानं प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं. काहींची पाळी थांबते, छातीतून दूध येतं. लग्न न झालेल्या मुलीनं राउंडच्या वेळी, चारचौघांसमोर हे कसं सांगायचं? ती सांगत नाही. घरी गेल्यावर गुपचूप गोळी बंद करते आणि आवाज परत येतात. 'पाळी वेळेवर येते का गं?' एवढं कुणी विचारलं असतं, तर औषध बदलता आलं असतं.

हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना बाळंतपणानंतर सायकोसिस होतो, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं. उपचारासाठी आईला आणि बाळाला तोडायचं का? बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ साली दोघांना एकत्र ठेवणारा वॉर्ड सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही सांगितलं, की तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून वेगळं करू नये. असे वॉर्ड किती कमी आहेत, हे पाहिलं की जीव तुटतो.

आणि मग डिस्चार्ज. पुरुषाला न्यायला आई येते, बायको येते. बाईच्या वेळी सासर म्हणतं, माहेरी न्या. माहेर म्हणतं, दिल्या घरी राहू दे. स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या चेन्नईच्या स्कार्फ संस्थेतल्या डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी संसार मोडलेल्या अशा ७६ जणींचा अभ्यास २००३ मध्ये मांडला. त्यांना सांभाळत होते ते बहुतेक थकलेले आईवडीलच.

घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कायदा म्हणतो. पण बाहेर राहायला घर हवं ना! ती बरी झालेली आहे. पिशवी भरून बाकावर बसली आहे. समाजसेवा अधीक्षकांनी नवऱ्याचा नंबर लावला, तो बंद आहे. आता भावाचा लावताहेत. त्यानं उचलला नाही, तर मामाचा.