औषध नाही दिलं म्हणून घाबरू नका

राम राम मंडळी. आज रक्ताच्या कॅन्सरबद्दल बोलायचंय, सगळ्या नाही, त्यातला एकच, सीएलएल म्हणतात तो, उतारवयात होणारा, पांढऱ्या पेशी हळूहळू वाढत जातात तो.

आमच्या दारव्ह्याकडचे एक आबाजी आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 60 हजारावर, एरवी 11 हजाराच्या आत असतात. माणूस ठणठणीत, रोज वावरात जाणारा. नागपूरले नेलं, डॉक्टरांनी सगळं तपासलं, एक नमुना जीनच्या तपासणीले पाठवला अन् म्हणाले, आत्ता औषध द्यायचं नाही, तीन महिन्यांनी या. झालं, घरात रडारड! आजी म्हणे, "डाक्टरनं हात टेकले बाप्पा." थोरला पोरगा दोन एकर विकून मुंबईले नेतो म्हणून गिऱ्हाईक पाहून आला, इसार तेवढा घ्यायचा राहिला होता. आबाजी ओरडत होते, "मले काई होत नाई, तूर सोंगाची हाये, वावर कायले विकता?" शेवटी नर्सिंग शिकणारी नात म्हणाली, रिपोर्ट तर येऊ द्या, अन् स्वतः सोबत गेली. रिपोर्टात लिहिलं होतं, आयजीएचव्ही म्युटेटेड. डॉक्टर हसले, म्हणाले हा संथ चालणारा प्रकार आहे, घाईनं औषध दिल्यानं आयुष्य वाढत नाही. वावर वाचलं. त्या पोरीचं मला फार कौतुक वाटतं, मुलींना शिकवा हो, लग्नाची घाई नका करू.

तर आयजीएचव्ही म्हणजे काय, आपल्या बी पेशी अँटीबॉडी बनवतात त्याचा जीन. जंतूंशी लढताना पेशी या जीनमध्ये बारीक बदल करते, मुरते म्हणा ना. अशाच एका पेशीपासून हा कॅन्सर सुरू होतो. ती पेशी मुरलेली असेल, रिपोर्टात म्युटेटेड लिहितात ती, म्हणजे मूळ जीनपेक्षा 2 टक्क्यांहून जास्त फरक, तर आजार बहुतेक संथ. फरक कमी, तर आजार वेगानं वाढायची शक्यता जास्त. बदल झालेला चांगला, पुन्हा सांगतो, इथं बदल झालेला चांगला.

हे 1999 साली एकाच जर्नलच्या एकाच अंकात दोन टीमनी दाखवलं, एक इंग्लंडातले हॅम्बलिन, दुसरी न्यूयॉर्कची, त्या पेपरवर पहिलं नाव दामले, वाचून छाती फुगते. हॅम्बलिनच्या सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटांत मुरलेल्या गटातले निम्मे 293 महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटात तोच आकडा 95. आकडे जुन्या औषधांच्या काळातले आहेत, आता इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांनी दुसऱ्या गटालाही बराच आधार मिळालाय.

आयजीएचव्हीची तपासणी एकदाच करायची, निकाल सहसा बदलत नाही. पण 17पी (17 नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का ते) अन् टीपी53 (पेशींच्या वाढीले आवर घालणारा जीन बिघडलाय का ते) ची तपासणी दरवेळी औषध सुरू करायच्या आधी पुन्हा करायची. अन् मधे गाठी भराभर वाढल्या, रात्री घामानं अंथरूण भिजलं, वजन उतरलं किंवा ताप हटेना, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच जा.