नर्सिंगच्या विद्यार्थिनीची लस कोणाच्या खर्चाने?

उपस्थित अध्यापक, पालक आणि परिचर्या शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थिनींनो,

बारावीचा निकाल लागतो, प्रवेश परीक्षेचे गुण हाती येतात, एखाद्या फेरीत महाविद्यालय मिळते आणि मग घरात पैशांचा हिशेब सुरू होतो. महाराष्ट्र शासनाने 2024 साली आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले, ही मोठी सोय झाली. परंतु प्रवेशाच्या कागदपत्रांत ‘वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र’ अशी एक ओळ असते आणि त्या ओळीखाली अनेक संस्था आपापली यादी जोडतात: हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस-बी या विषाणूजन्य काविळीची तपासणी, तिच्या लसीचे तीन डोस, कुठे कांजिण्यांची लस, कुठे रक्तातील प्रतिपिंडांची पातळी, म्हणजे टायटर. हा खर्च शुल्कमाफीत बसत नाही, कारण तो शुल्क म्हणून आकारलाच जात नाही. मुलीचे वडील तो खासगी लॅबच्या आणि औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर रोख भरतात.

या अटी अनाठायी आहेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. हिपॅटायटिस-बीचे विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतात. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला लागली तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता सुमारे 0.3 टक्के आहे. वॉर्डात नव्याने आलेल्या, हात अजून न बसलेल्या मुलीला हा धोका अधिक. म्हणून लस हवीच. प्रश्न एवढाच आहे की तिचे पैसे कोणी द्यायचे.

आता हे वेळापत्रक पाहा. लसीचा दुसरा डोस पहिल्यानंतर एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी द्यायचा असतो. टायटर त्यानंतर एक-दोन महिन्यांनी पाहतात आणि ते 10 किंवा त्याहून अधिक आले तर संरक्षण मिळाले असे मानतात. देशभरातील बाळांना ही लस सार्वत्रिक लसीकरणात 2011-12 पासून मिळू लागली, त्यामुळे आज प्रवेश घेणाऱ्या पुष्कळ मुलींना ती लहानपणी मिळालेली नसते, आणि मिळाली असली तरी तिचे कार्ड सापडेलच असे नाही. प्रवेश निश्चित झाल्यावर आठवडाभरात ‘लसीकरण पूर्ण’ असा दाखला मागणे म्हणजे जे घडणे शक्य नाही त्याची सही मागणे होय. अशी सही मिळतेही; पण तेव्हा कागद पूर्ण होतो आणि मुलगी मात्र असुरक्षितच वॉर्डात जाते.

क्षयाच्या तपासणीत पैशांइतकाच प्रवास खर्ची पडतो. मान्टू चाचणीत हाताच्या आतल्या बाजूस, त्वचेच्या थरात एक थेंबभर औषध टोचतात आणि 48 ते 72 तासांनी तिथे आलेला टणक फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजतात. नुसती लाली मोजायची नसते. म्हणजे धडगावच्या किंवा एटापल्लीच्या मुलीने जिल्ह्याच्या गावी एकदा टोचून घ्यायला यायचे आणि पुन्हा वाचून घ्यायला यायचे, सोबत घरचे एक माणूस, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडालेली. क्षयाचा सुप्त संसर्ग, म्हणजे जंतू शरीरात पण आजार नाही अशी स्थिती, इतका पसरलेल्या आपल्या देशात चाचणी सकारात्मक आली म्हणजे मुलीला क्षय झाला असे होत नाही. पण हे समजावून सांगणारे कोणी भेटले नाही तर एक्स-रे आणि तज्ज्ञांची फी असा पुढचा खर्च सुरू होतो.

इथे मला तुमचे लक्ष दोन नियमांकडे वेधायचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अभ्यासक्रमासोबत विद्यार्थ्यांसाठी ज्या आरोग्यसेवा सांगितल्या आहेत, त्यांत वार्षिक वैद्यकीय तपासणी, धनुर्वात व हिपॅटायटिस-बी यांचे लसीकरण, आजारपणात मोफत उपचार किंवा विमा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची संपूर्ण आरोग्यनोंद यांचा समावेश आहे. म्हणजे परिषद लसीकरणाकडे संस्थेने पुरवायची सेवा म्हणून पाहते. दुसरा नियम जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचा, 2016 सालचा. रुग्णालय चालवणाऱ्याने आपले आरोग्य कर्मचारी आणि असा कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस द्यावी, रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करावी, असे तो सांगतो. पिवळ्या पिशवीत ड्रेसिंग टाकणारी, लाल पिशवीत सलाइनची नळी टाकणारी, सुई पांढऱ्या डब्यात सोडणारी विद्यार्थिनी त्या ‘इतरांत’ मोडत नाही, असे कोण म्हणू शकेल? तिचे हात त्या वॉर्डाला उपयोगी पडतात. मग त्या हातांच्या संरक्षणाचे बिल तिच्या घरी जाते ते कोणत्या न्यायाने?

संस्थाचालक सांगतात की निधी नाही. परंतु प्रौढांची ही लस फार महाग नाही, आणि एकत्र खरेदी केली तर आणखी स्वस्त पडते. उलट लस न घेतलेल्या एका मुलीला सुई लागली आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यावे लागले, तर त्या एका इंजेक्शनची किंमत तीन डोसांच्या कितीतरी पट असते. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण अंतर्भूत आहे. शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयांनी तिकडे आपल्या विद्यार्थिनींची यादी पाठवून आग्रह धरायला हवा.

एचआयव्हीबद्दल स्पष्ट बोलतो. काही यादींत ही तपासणीही असते. 2017 चा कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, शिक्षणासाठी एचआयव्ही तपासणीची पूर्वअट घालण्यास मनाई करतो. पालकांनी ती ओळ दाखवून विचारावे की ती कोणत्या आधारे घातली आहे.

पहिला डोस प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयातच, संस्थेच्या खर्चाने द्यावा, दुसरा वॉर्डाच्या ड्युटीआधी, आणि तिसऱ्याची तारीख वर्गाच्या वेळापत्रकात लिहावी. टायटर 10 पेक्षा कमी आले तर त्या मुलीला नापास न ठरवता डोसांची दुसरी मालिका द्यावी, कारण निरोगी प्रौढांतही काहींचे शरीर पहिल्या मालिकेला प्रतिसाद देत नाही. आणि या साऱ्या नोंदीची सहीशिक्क्याची एक प्रत मुलीच्या हातात द्यावी. आज ती नोंद कार्यालयाच्या कपाटात राहते, मुलगी पदवी घेऊन नोकरीच्या रुग्णालयात जाते आणि तिथे तीच लस, तोच टायटर, तोच एक्स-रे तिला पुन्हा स्वतःच्या पैशांनी करावा लागतो.