भट्टीची पाळी

(दृश्य: जालना एमआयडीसी. क्रेनचं चुंबक भंगाराच्या ढिगावर उतरतं.)

सायकलीची वाकडी चौकट, गंजलेली पिंपं, ट्रकचे तुटके पाटे, कुणाच्या तरी खिडकीची जाळी. चुंबकाला सगळं एकत्रच चिकटतं आणि भट्टीत पडतं. आत 1600 अंशांच्या आसपास धग. या भंगाराचं पाणी होतं, पाण्याचं बिलेट म्हणजे लांब चौकोनी ठोकळा, बिलेटची सळई. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये ही जालन्याची सळई आहे.

या भट्टीत कोळसा नाही. ती विजेवर चालते, टनामागे साधारण 600 युनिट. पण देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातूनच येते. म्हणजे भट्टी इथे, धुराडं चंद्रपूरला. शिवाय भंगार पुरत नाही म्हणून स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड, घालावं लागतं, आणि आपल्याकडे तेही बहुतांशी कोळशावरच बनतं. तिथे कोळशाऐवजी हायड्रोजन आणायचा, तर तो स्वस्त व्हायला हवा. त्यासाठी 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं.

(दृश्य: सौर पॅनेलच्या रांगा, भर दुपार.)

2030 पर्यंत 5 लाख मेगावॅट बिगरजीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणारी, वीजक्षमता, हे भारताचं उद्दिष्ट. 2025 मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेत असा वाटा निम्म्यावर गेला. ही मोठीच मजल आहे. पण निम्मी क्षमता झाली म्हणून निम्मी वीज तिथून येत नाही. सूर्य मावळतो.

आणि भट्टी? महाराष्ट्रात वर्षानुवर्षं उद्योगांना रात्री 10 ते सकाळी 6 वीज स्वस्त मिळायची. त्या सवलतीपायी कामगारांनी उमेदीची वर्षं रात्रपाळीत काढली. 2023 मध्ये केंद्राने नियम बदलला: उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा. उद्योगाची फेररचना म्हणतात ती मला इथे दिसते. पाळीचं घड्याळ उलटं फिरतंय. दिवसा राबून रात्री घरी झोपायला मिळणं ही कामगारासाठी लहान गोष्ट नाही. धोरण आखणाऱ्यांनी ती हिशेबात धरलीच पाहिजे.

डिसेंबर 2024 मध्ये फ्रिजसारखे पोलादालाही तारे लागले. टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन उत्सर्जन असेल तरच पोलाद 'हरित', 1.6 च्या खाली गेलं, की पाच तारे.

(दृश्य: घाटघर. संध्याकाळ, कड्यावर धुकं.)

सूर्य मावळल्यावरची सोय सह्याद्रीत आहे. घाटघरच्या वरच्या धरणातून पाणी कोकणकड्याखाली सोडायचं, 250 मेगावॅट वीज घ्यायची, आणि तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. 2008 मध्ये प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हिशेब होता रात्रीच्या उरलेल्या विजेवर पाणी चढवण्याचा. आता उरते ती दुपारची. पंप तेच, पाणी तेच. वेळ तेवढी बदलायची.

(दृश्य: जालना, पाळी सुटते. हेल्मेट खुंटीवर, डबे सायकलींच्या हँडलला.)